किल्ली काढली तरी चालू: 1996 च्या मर्सिडीजच्या प्रकल्प नोंदी

2 नोव्हेंबर 2025, रविवार

गाडी कोल्हापूरला घरी आली. मर्सिडीज ई 250 डिझेल, 1996 ची, मॉडेल डब्ल्यू 124. मीटरवर 2,41,300. किंमत 2,10,000 रुपये. नव्या छोट्या गाडीहूनही कमी पैशांत मर्सिडीज, हे वाक्य मी घरात तीनदा म्हणून झाल्यावर बायको म्हणाली, "गाडीचं झालं, आता तिच्या खाण्यापिण्याचं बोला."

आधीचे मालक करवीर तालुक्यातले बागायतदार. चार वर्षं गाडी त्यांच्या गुऱ्हाळाशेजारच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली उभी होती. आत बसलं की लेदरचा नाही, काकवीचा वास येतो. एअर फिल्टरची डबी उघडली तर आत चिपाडांचा भुसा, मूठभर.

1995 साली टेल्कोच्या (आताची टाटा मोटर्स) पुण्याच्या कारखान्यात या गाड्या जोडायला सुरुवात झाली, त्याच वर्षी जर्मनीत हिची पुढची पिढी, डब्ल्यू 210, बाजारात आली होती. म्हणजे आपल्याकडे आलं ते जातं मॉडेल. मला आज ते पथ्यावर पडलंय. अडीच लिटरचं पाच सिलिंडरचं इंजिन, जुन्या पद्धतीचा पंप, कॉम्प्युटरचं लोढणं जवळजवळ नाहीच. निदान ते कान, डोळे आणि पान्यानं होऊ शकतं.

आता मुख्य रोग. दारात गाडी लावली, किल्ली फिरवून काढली, खिशात टाकली. इंजिन चालूच. शेजारचे काका गॅलरीतून बघत होते. मालकांनी सांगून ठेवलं होतं म्हणून बरं: बॉनेट उघडायचं आणि पंपावरची 'स्टॉप' लिहिलेली दांडी हातानं दाबायची. मालक आणि त्यांचा मुलगा चार वर्षांपूर्वीपर्यंत हेच करत होते म्हणे. आमच्याकडे बॉनेट उघडायचं काम पोरानं अंगावर घेतलं, दांडी दाबायचं माझ्याकडे. काका वरून म्हणाले, "पुढच्या दसऱ्याला महाराजांच्या मेबॅक गाडीच्या मागं ही पण लावा की दसरा चौकात."

आणण्याआधी एका गॅरेजला दाखवून कोटेशन घेतलं होतं. 3,46,000, वर जीएसटी. त्यातले मोठे आकडे: डिझेल पंप काढून ओव्हरहॉल 95,000, व्हॅक्यूम पंप 38,000, प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांकडे ताकद नेणारा दांडा) अख्खा 62,000, पुढचं सस्पेन्शन 54,000. कागद फ्रिजवर चिकटवलाय. एकेक ओळ तपासायची, पार्ट बदलण्याआधी तो खराब आहे हे स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं, हा एकच नियम. मी शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत क्वालिटीला आहे. दिवसभर दुसऱ्यांच्या कास्टिंगमधले दोष शोधतो, तेच रविवारी करायचं.

8 नोव्हेंबर, शनिवार

आधी बंद न होण्याचा बंदोबस्त.

पेट्रोल इंजिनला इनटेकमध्ये, म्हणजे हवा आत घेणाऱ्या वाटेत, आपोआप व्हॅक्यूम तयार होतो. डिझेलला थ्रॉटलची झडप नसल्यानं तो मिळत नाही, म्हणून इंजिनवर वेगळा व्हॅक्यूम पंप बसवलेला असतो. या गाडीत ब्रेकचा बूस्टर त्याच्यावर, एसीच्या हवेची दारं त्याच्यावर आणि इंजिन बंद करणंही त्याच्यावरच. किल्ली बंद केली की व्हॅक्यूम डिझेल पंपाच्या मागच्या डबीत जातो, डबी आतली दांडी ओढते, डिझेल तुटतं. कुठंही हवा शिरली की दांडी ओढली जात नाही. म्हणजे दोष पंपातच असेल असं नाही, बारीक नळ्यांच्या जाळ्यात कुठंही असू शकतो.

हातानं दाबायचा व्हॅक्यूम पंप मीटरसकट घेतला, 1,850. आधी गाडीचा पंप मोजला: आयडलला पाऱ्याचे 23 इंच. मॅन्युअलमध्ये याहून जास्त लिहिलंय, आणि पाच मिनिटं मीही हबकलो होतो. मग लक्षात आलं, पुस्तकातला आकडा समुद्रसपाटीचा. कोल्हापूर साडेपाचशे मीटरवर, इथं हवेचाच दाब दोनेक इंच कमी. पंप ठणठणीत. 38,000 च्या ओळीवर काट मारली.

मग एकेक फाटा काढून तोंड बंद करत गेलो. बुचाला काय वापरायचं? सायकलच्या दुकानातली व्हॉल्व्ह ट्यूब, तिच्यात चार एमएमचा बोल्ट. ब्रेकचा फाटा बंद केला, फरक नाही. स्टॉपच्या डबीला थेट हातपंप लावला, दहा मिनिटं काटा हलला नाही, म्हणजे डबी चांगली. डॅशबोर्डच्या आत जाणारा फाटा बंद केला आणि किल्ली फिरवली.

इंजिन गप्प. पोरगं बॉनेट धरून उभं होतं, त्याला वाटलं गाडी बिघडली.

दोष एसीच्या हवेची दारं हलवणाऱ्या रबरी पडद्यांपैकी एकात. तो बदलायला अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागतो. मी फाटा बंदच ठेवलाय. हवा आता फक्त काचेवर येते, तोंडावर नाही. बायकोला हे अजून सांगितलेलं नाही.

जाता जाता सगळे कडक झालेले रबरी जोड बदलले. नळी 120 रुपयांची.

आजचा खर्च 1,970.

15 नोव्हेंबर, शनिवार

ऑइल आणि पाणी. ऑइल सात लिटर, ट्रक-ट्रॅक्टरला घालतात तेच डिझेलचं 15 डब्ल्यू 40. 'मर्सिडीजचं ऑइल' म्हणून तिप्पट किंमत लावणारा एक दुकानदार भेटला, त्याला नमस्कार करून पुढच्या दुकानात गेलो. ऑइल 2,520, फिल्टर 640, एअर फिल्टर 780.

रेडिएटरमधून निघालं ते पाणी नव्हे, चहा. वर्षानुवर्षं बोअरचं पाणी ओतलंय. क्षार आणि गंज धुवायला किराणा दुकानातलं लिंबूसत्व, एक किलो, 240 रुपये. हसू नका, सायट्रिक ॲसिडच ते. गरम पाण्यात विरघळवून भरलं, इंजिन तापवून अर्धा तास चालवलं, निवू दिलं, सोडलं. पहिल्यांदा तांबडं, दुसऱ्यांदा पिवळट, मग साध्या पाण्यानं तीनदा धुतल्यावर नितळ. शेवटी कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं: 1,900 आणि 200.

दुकानदारानं दोन पुड्या बघून विचारलं, "भेळंचा गाडा काढताय काय?"

खर्च 6,280.

23 नोव्हेंबर, रविवार

सकाळी पहिल्यांदा चालू करायला वीस-पंचवीस सेकंद सेल्फ मारावा लागतो. एकदा पेटली की दिवसभर पाव सेल्फला चालू. कोटेशनवाल्यांनी यावरूनच पंप काढायला सांगितला होता. त्यात बॅटरीनंही मान टाकली, नवी 7,400.

गल्लीतले मामा आले. एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त, वय सत्तर. त्यांनी पंपाकडे बघितलंच नाही, त्याच्याकडे जाणाऱ्या पारदर्शक नळीवर टॉर्च मारला. "ह्यो बघ. बुडबुडं." नळीत मोहरीएवढे बुडबुडे, एकामागोमाग एक सरकत होते. "आरं लेका, पंपाला काय धाड भरलीया? एअर घेतंय ते. रात्रभर डिझेल टाकीकडं पळतंय आणि सकाळी तू मोकळी नळी चोखत बसतूयस."

या इंजिनाच्या प्लॅस्टिकच्या डिझेल नळ्यांची दोन्ही टोकं ओ रिंगवर, म्हणजे रबरी कड्यांवर, बसतात. तीस वर्षांत रिंगा दगड होतात. डिझेल बाहेर गळत नाही, हवा मात्र आत शिरते, त्यामुळे खाली डाग दिसत नाही आणि संशय थेट पंपावर.

एक रिंग खिशात घालून काल उद्यमनगरला, इथल्या वर्कशॉपांच्या वस्तीत, गेलो होतो. ऑइल सीलच्या दुकानातल्या माणसानं ती अंगठ्याच्या नखानं दाबली, दोन तुकडे झाले. तेच तुकडे व्हर्नियरवर मोजून म्हणाला, "साधं रबर पाच रुपये, वायटॉन पंचवीस. डिझेलला वायटॉन घ्या, परत यायला नको." चौदा रिंगा, 350. गाव म्हणून कोल्हापूरचं मोठेपण मला रंकाळ्यापेक्षा या दुकानांत जास्त वाटतं. हातात तुटका तुकडा घेऊन जा, नाव सांगायची गरज नाही.

नळ्या एकेक काढून, रिंगेला डिझेल चोळून बसवल्या. दोन्ही डिझेल फिल्टर बदलले, 1,050. हातानं एअर काढली. संध्याकाळी बुडबुडे शून्य. 95,000 ला काट. मामांनी पैसे घेतले नाहीत, मिसळ घेतली, एक्स्ट्रा कटसह.

खर्च 1,400 आणि बॅटरी.

24 नोव्हेंबर, सोमवार

सकाळी सहा सेकंदांत चालू. पण पहिला मिनिटभर पांढरा धूर आणि एक-दोन सिलिंडर मागे. संशय हीटर प्लगवर, थंड इंजिन पेटावं म्हणून सिलिंडर आतून तापवतात ते. ऑफिसला जायच्या गडबडीत अंदाजानं त्यांना वीज सोडणारा रिले मागवला, 1,600.

29 नोव्हेंबर, शनिवार

रिले बदलून काही फरक नाही. तेव्हा कुठं मीटर घेऊन प्लग मोजले. चांगला हीटर प्लग एक ओहमच्या आत दाखवतो. तीन तसे, दोन ठार बंद. हे मोजायला सहा मिनिटं लागली. रिले चांगलाच होता, इलेक्ट्रिकचं सामान परत घेत नाहीत. 1,600 अक्कलखाती. फ्रिजवरचा नियम मीच लिहिलेला.

30 नोव्हेंबर, रविवार

आज लिहायचं मन नाही, पण लिहितो.

प्लग इनटेक मॅनिफोल्डच्या खाली लपलेत, म्हणून आधी तो उतरवला. आत काजळीचा थर, बोटाच्या पेराएवढा. पहिला प्लग सुटला. दुसरा कुरकुरत सुटला. तिसऱ्याला पाना लावला, थोडा फिरला, मग मऊ झाला. ज्यानं आयुष्यात कधी बोल्ट तोडलाय त्याला तो मऊपणा माहीत असतो. पाना हातात अलगद फिरतो आणि पोटात खड्डा पडतो. वरचा षटकोनी भाग माझ्या गोटी पान्यात, उरलेला हेडमध्ये, म्हणजे इंजिनच्या वरच्या भागात.

हेड ॲल्युमिनियमचं, प्लग लोखंडी, टोकाला काजळी जमून घट्ट झालेलं. इंजिन गरम असताना काढायचे, आदल्या दिवसापासून गंजाचं तेल सोडत राहायचं, पाव फेरा पुढे, पाव फेरा मागे करत काढायचे, हे सगळं मी वाचलं होतं. आज क्रिकेटची मॅच होती आणि मला दुपारपर्यंत उरकायचं होतं. इंजिन थंड होतं.

मामा आले, बघितलं, काहीच बोलले नाहीत. ते बोलले असते तर बरं झालं असतं.

6 डिसेंबर, शनिवार

आठवडाभर गाडी बॉनेट उघडी, वर जुनी चादर. आज उद्यमनगरचे लेथवाले अण्णा घरी आले. हेड उतरवायचं तर पॅकिंग सेट, मशीनिंग, मजुरी मिळून पन्नास हजारांच्या पुढं गेलं असतं. अण्णा म्हणाले, "हेड कशाला हलवताय? तुटका जिथं आहे तिथंच काढू. घाई न्हाई करायची."

शेवटचं वाक्य त्यांना मामांनी शिकवलं असावं.

त्यांनी बरोबरचा काढलेला प्लग मोजून कालच लेथवर पितळेचा एक बुश करून आणला होता. बुश प्लगच्या भोकात वरून बरोब्बर बसतो आणि मधल्या भोकातून ड्रिल सरळच उतरतं, बाजूच्या आट्यांना लागत नाही. ड्रिल उलट्या फिरतीचं. ड्रिलच्या टोकाला ग्रीसचा गोळा, म्हणजे कीस त्याला चिकटून वर येतो. दोन एमएम उतरायचं, बाहेर काढायचं, पुसायचं, नवं ग्रीस. पुन्हा दोन एमएम. पोरगं शेजारी टॉर्च धरून. तास झाला, सव्वा तास झाला. साडेअकराच्या सुमाराला ड्रिलनं आतला तुकडा पकडला आणि उलट फिरत तो स्वतःच आट्यांतून वर यायला लागला. अण्णांनी ड्रिल थांबवलं, उरलेलं बोटांनी फिरवून काढलं आणि तो तुकडा पोराच्या तळहातावर ठेवला. काळा, करंगळीच्या पेराएवढा.

आटे शाबूत. भोकाला व्हॅक्यूम क्लीनरची बारीक नळी लावली, मग प्लग न बसवता सेल्फ मारला, आत काही राहिलं असेल तर हवेबरोबर बाहेर. उरलेले दोन प्लग इंजिन तापवल्याशिवाय काढायचे नाहीत असं ठरलं. मॅनिफोल्ड तात्पुरता बसवला, तुटक्याच्या जागी नवा प्लग, इंजिन गरम, पुन्हा मॅनिफोल्ड खाली. बोटं भाजली. पण दोन्ही सुटले. नवीन प्लग टॉर्क पान्यानं, हलक्या हातानं.

पाच प्लग 7,250, मॅनिफोल्डचं पॅकिंग 1,100, अण्णा 4,500. एकूण 12,850, त्यातले साडेचार हजार मॅचचे.

13 डिसेंबर, शनिवार

क्लच सोडताना खालून 'धड' असा आवाज यायचा. गाडी खड्ड्यावर घ्यायला हवी होती. मार्केट यार्डाजवळच्या एका ट्रकच्या गॅरेजमध्ये खड्डा अर्धा दिवस भाड्यानं, 500. उसाचा हंगाम, शेजारी ट्रॅक्टर-ट्रॉलीचे पाटे बसवायचं काम चालू, आणि मधे ही.

इथं कोटेशनवाले निम्मे बरोबर होते. प्रोपेलर शाफ्टच्या दोन्ही टोकांची रबरी कपलिंगं तडकलेली, पुढच्याच्या आतले दोरे दिसत होते. ते तुटलं असतं तर शाफ्ट खाली फटके मारत सुटला असता. पण शाफ्ट स्वतः सरळ, त्याला 62,000 कशाला? दोन कपलिंगं 11,600, मधलं बेअरिंग 3,200, नवे नट-बोल्ट 600.

स्वतः करणाऱ्यांसाठी दोन गोष्टी लिहून ठेवतो. उघडण्याआधी शाफ्टच्या दोन्ही भागांवर आणि फ्लँजवर खुणा करा, जसा होता तसाच परत बसला पाहिजे, नाहीतर थरथर. आणि बोल्ट आवळताना फ्लँजकडचा भाग फिरवायचा, रबराला टेकलेला धरून ठेवायचा, नाहीतर नवं रबर पहिल्याच दिवशी पिळवटतं. मधल्या जोडाचा मोठा नट आणि बेअरिंगचे बोल्ट सगळ्यात शेवटी, गाडी हातानं थोडी पुढंमागं ढकलून शाफ्टला आपली जागा घेऊ द्यायची आणि मगच आवळायचे. मामा खड्ड्यात उतरले नाहीत, वर स्टुलावर बसून प्रत्येक बोल्ट मोजला.

खर्च 15,900. आवाज गेला.

21 डिसेंबर, रविवार

ब्रेकचे चारही होज बाहेरून चिरलेले. बसवले मी, पण एअर काढायला आणि तपासायला ब्रेकचंच काम करणाऱ्या मिस्त्रीकडे नेली. ब्रेकवर माझे प्रयोग नकोत. होज 3,600, ऑइल 700, मजुरी 1,200. एकूण 5,500.

28 डिसेंबर, रविवार

कागदपत्रं. नवी नंबर प्लेट 745 अधिक जीएसटी, 879. थर्ड पार्टी विमा आधीच्या मालकांनीच सप्टेंबरात भरला होता, या वर्गाला 7,897 अधिक जीएसटी, तो पुढच्या वर्षी माझ्या माथी. नोंदणी 2021 ला नूतनीकरण झालीय, ऑगस्ट 2026 ला पुन्हा. ऑगस्ट 2025 पासून 20 वर्षांवरच्या मोटारीचं नूतनीकरण शुल्क 10,000 झालंय, आधी 5,000 होतं. वर पर्यावरण कर. गाडी दुरुस्त करता येते, तिचं वय नाही.

4 जानेवारी 2026, रविवार

बायको वही घेऊन बसली. तिनं मी विसरलेले आकडेही लिहून ठेवले होते. टॉर्क पाना आणि जॅकखालचे घोडे 7,300, हे मी 'हत्यारं, खर्च नव्हे' म्हणून वेगळं धरत होतो. ते चाललं नाही. व्हॅक्यूम 1,970, ऑइल-पाणी 6,280, ओ रिंगा आणि फिल्टर 1,400, बॅटरी 7,400, अक्कलखाती रिले 1,600, हीटर प्लग 12,850, शाफ्ट 15,900, ब्रेक 5,500, प्लेट 879, हत्यारं 7,300. बेरीज 61,079.

मी फ्रिजवरचा 3,46,000 चा कागद आणून शेजारी ठेवला. तिनं पेन्सिलनं त्यावरच्या न झालेल्या ओळींभोवती गोल काढले. पुढचं सस्पेन्शन बाकी. एसीचा गॅस बाकी. "आणि हवा फक्त काचेवर का येते, ते कधी सांगणार?" कळलं होतं तर. मामांची मजुरी कुठं आहे, असंही तिनं विचारलं. मिसळ धरली नव्हती. अकरा सुट्ट्या तर कुठल्याच रकान्यात बसल्या नाहीत. तेव्हा तुलना सरळ नाही हे मान्य. पण पंप आणि व्हॅक्यूम पंप मिळून 1,33,000 हे मी खर्च केले असते आणि गाडी तरीही सकाळी चालू झाली नसती, संध्याकाळी बंद झाली नसती, एवढं मात्र वहीत माझ्या हातानं लिहिलं.

दुपारी पन्हाळ्याला गेलो. पुढं मामा, मागं बायको आणि पोरगं. वाघबीळच्या चढाला तिसऱ्यात, तापमानाचा काटा 85 च्या खालीच. उसाच्या ट्रॉल्यांच्या मागं वीस मिनिटं रांगलो तरी तापली नाही. मामा पूर्ण रस्ता डोळे मिटून होते, मला वाटलं झोपले. वर पोचताना म्हणाले, "डाव्या बाजूचा लिंक रॉड बोलतोय."

तीन दरवाज्याजवळ लावली. किल्ली फिरवली, इंजिन बंद झालं. पोरगं तोवर सवयीनं उतरून पुढं पळालं होतं, बॉनेटच्या फटीत बोटं घालून उभं. "पप्पा, आतला खटका ओढा की."

"अरे, बंद झालीय."

त्यानं बॉनेटवर कान टेकवला, खात्री केली, आणि मग मक्याच्या कणसाच्या गाड्याकडं गेलं.